शेवटच्या नावाआधीचा स्वल्पविराम

“‘आणि’ आली की स्वल्पविरामानं वाट सोडायची. एका उंबऱ्यात दोघांनी उभं राहायचं नाही. लिही.”

प्रभावतीबाईंचा हा आवाज वीणा आगाशेच्या कानात मिरजेच्या शाळेतल्या चौथीच्या वर्गापासून मुक्कामाला होता. बाईंनी फळ्यावर ‘आंबे, फणस, करवंदे आणि जांभळे’ असं लिहून दिलं होतं, आणि करवंदांच्या पुढं स्वल्पविराम ठेवणाऱ्या मुलीला मधल्या सुट्टीत बसवून सगळी फळं पुन्हा पुन्हा लिहायला लावली होती. ती मुलगी वीणा नव्हती. वीणाच्या हातून ही चूक तेव्हा झाली नाही, पुढं लग्नाच्या आमंत्रणात झाली नाही, वाणसामानाच्या यादीतसुद्धा झाली नाही. आणि नेमक्या ह्याच बाबतीत, इतक्या लांब जपानात, इचिकावातल्या एका चारमजली इमारतीत, समोरच्या दारातल्या माणसानं तिची चूक काढावी, ह्याला काय म्हणायचं ते तिला मराठीतही सुचलं नाही.

त्याचं झालं असं, की त्या वर्षी वीणा ‘हानचो’ झाली. हानचो म्हणजे एका जिन्याची प्रमुख. हे पद निवडणुकीनं मिळत नाही, कर्तृत्वानंही मिळत नाही. एका दारातून दुसऱ्या दारात फिरत फिरत येतं. राजीवनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, हे तिला दोनदा समजावून सांगितलं. “अगं, दूधवाल्यासारखं आहे ते. आपलं दार आलं म्हणून आलं.” पण वस्तीचे अध्यक्ष मोरिता-सान दारात आले, कमरेत वाकले, आणि दोन्ही हातांवर ठेवून त्यांनी तिला दंडाला बांधायचा हिरवा पट्टा दिला, तेव्हा वीणाला तो मान वाटला. दूधवाला असा वाकत नाही. शिवाय ह्या वस्तीत परदेशी माणूस हानचो व्हायची ही पहिलीच वेळ होती. तिनं तो पट्टा देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मगच दंडाला बांधून पाहिला.

पट्ट्यापाठोपाठ मोरिता-सान ‘फिरता फळा’ घेऊन आले. हा जपानी लोकांचा फार जुना प्रकार. चिमट्याच्या पुठ्ठ्यावर सूचना लावायची, तो पहिल्या दाराशी ठेवायचा. त्या घरानं वाचायचं, आपला शिक्का उठवायचा आणि पुढच्या दाराशी नेऊन ठेवायचा. सगळ्यांत वरच्या मजल्यावरून निघालेला फळा तळमजल्यावर शेवटचा शिक्का घेतो आणि अध्यक्षांकडे परत जातो. आपल्याकडे निरोप तोंडातून तोंडात फिरतो आणि वाटेत चांगलं बाळसं धरतो. इथं तो फळ्यावरून फिरतो आणि निघाला तसाच परत येतो. निदान वीणाच्या कारकिर्दीपर्यंत तरी येत होता.

सूचना होती सप्टेंबरच्या पहिल्या तारखेच्या भूकंप-सरावाची. मोठा भूकंप होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ह्या सरावाला कुणी हसण्यावारी नेत नव्हतं. भोंगा वाजला की सगळ्यांनी घराबाहेर पडून समोरच्या मैदानात जमायचं, एवढंच. पण मोरिता-सानांच्या दोन विनंत्या होत्या. जिन्यात आता निम्मी बिऱ्हाडं भारतीय, म्हणून एकाच कागदावर जपानी, इंग्रजी आणि त्यांच्या भाषेत सूचना असावी, आणि खाली जिन्यातल्या सगळ्यांची नावं असावीत. ही पहिली. आणि दुसरी, यंदा सगळ्यांनी यावं.

“हाताकेयामा-सानसुद्धा,” मोरिता-सान जरा थांबून म्हणाले.

हाताकेयामा-सान तळमजल्यावर एकट्या राहत. ऐंशीच्या पुढच्या. मियागीच्या किनाऱ्यावरचं त्यांचं घर समुद्रानं नेलं, तेव्हा त्या इथे आल्या. आल्यापासून एकाही सरावाला उतरल्या नव्हत्या. का, ते कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायची पद्धत नाही. पण भूकंपाला असली पद्धत ठाऊक नसते, आणि भोंगा वाजल्यावर आत बसून राहणारी म्हातारी हा मोरिता-सानांच्या जिवाला घोर होता. तो त्यांनी आता दंडपट्ट्याबरोबर वीणाला देऊन टाकला.

“यंदा त्या येतील,” वीणा जपानीत म्हणाली. तिचा आवाज मुळात इतका बारीक, की मोरिता-सानांना ऐकायला वाकावं लागलं. ते वाकले म्हणून ती वाकली, ती वाकली म्हणून ते आणखी वाकले. दोघं बराच वेळ तसेच होते.

मग वीणानं कागद केला. जपानी नावं बिनचूक यावीत म्हणून ती खालच्या टपालपेट्यांपुढं वही घेऊन उभी राहिली आणि एकेक अक्षर चितारून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरच्या इनोउए-सानांनी ते पाहिलं आणि काहीही न विचारता दुसऱ्या दिवशी आपलं व्हिजिटिंग कार्ड तिच्या दारात सरकवलं. कागद सुरेख झाला. सर्वांत खाली, तिन्ही भाषांत, नावांची ओळ. मराठीतली अशी: ‘आगाशे, ओगले, नाडकर्णी, इनोउए, कोंदो आणि हाताकेयामा’. कार्यारंभ म्हणून चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावली, आपला शिक्का उठवला आणि फळा समोरच्या ओगल्यांच्या दाराशी ठेवला.

चारुदत्त ओगले तोयोसूला एका संगणक-कंपनीत होते. तिथं ते माहितीपुस्तिका लिहीत. कुठलं बटण दाबल्यावर काय होतं हे ज्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं आणि ज्या कुणी वाचत नाही, त्या. ते सांगत, की ऑफिसात त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कॉमा बाहेर पडत नाही. वीणाला तेव्हा हे कौतुकाचं वाटलं होतं.

रीतीप्रमाणे ओगल्यांनी फळा खाली विभा नाडकर्णीकडे द्यायचा होता. पण ओगल्यांच्या ऑफिसात दुरुस्त केलेला कागद लिहिणाऱ्याकडे परत जातो. त्यामुळे संध्याकाळी फळा पुन्हा वीणाच्याच दारात उभा होता आणि त्यामागं स्वतः ओगले.

“वहिनी, डॉक्युमेंट एकदम क्लीन झालंय. एक मायनर करेक्शन केलंय फक्त.”

तिन्ही ओळींत, शेवटच्या नावाआधी, निळ्या शाईत एकेक टपोरा स्वल्पविराम बसला होता. जपानी ओळीत तर वीणानं मोठ्या भक्तिभावानं ‘आणि’साठीचं अक्षर चितारलं होतं, त्याच्याही पुढ्यात.

“भावजी, ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम नसतो,” वीणा म्हणाली.

“असं कुठं लिहिलंय?”

“लिहिलेलं कशाला हवं? शिकवलंय.”

“नाही, नाही, त्याचं काय आहे वहिनी, आमच्या स्टाईल गाईडला शेवटच्या आयटमआधी कॉमा कंपल्सरी आहे. नाहीतर यूझर कन्फ्यूज होतो. त्याला वाटेल, कोंदो आणि हाताकेयामा एकाच घरात राहतात.”

“कोणता यूझर?”

“जनरल यूझर.”

हा जनरल यूझर आपल्या जिन्यात कितव्या मजल्यावर राहतो, हे वीणाच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ते तिथंच राहिलं, कारण चातुर्मास लागला होता.

चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदालसूण. वीणाचं ते सगळं पूर्वीच सोडून झालं होतं. सोडण्यासारखं काही उरलं नाही म्हणून यंदा तिनं नेम धरला होता, की कार्तिकी एकादशीपर्यंत कुणाला दुरुत्तर करायचं नाही. केलं तर दुसऱ्या दिवशी उपास. पुटपुटलं तरी धरायचं. संकल्प सोडताना तिला हा नेम जरा हलकाच वाटला होता. नवरा सकाळी जातो तो दिवेलागणीनंतर येतो, शेजारी सगळे सभ्य, मग दुरुत्तर करायचं तरी कुणाला? व्रत घेताना माणसानं शेजाऱ्याचा पेशा विचारून घ्यावा, हे तिला उशिरा कळलं.

ती फक्त “बरं” म्हणाली. दार लावल्यावर मात्र “जनरल यूझर म्हणे” असं तिच्या तोंडून गेलं. दुसऱ्या दिवशी उपास.

त्या उपासाच्या दिवशी तिनं सफेदा आणून निळे स्वल्पविराम पुसले आणि फळा पुन्हा समोर ठेवला. दुसऱ्या सकाळी तो परत आला. सफेद्यावर पुन्हा स्वल्पविराम, आणि शेजारी पेन्सिलीत बारीक अक्षरांत, ‘वहिनी, बहुतेक चुकून डिलीट झाले.’

चुकून. चौथीपासून एकदाही न चुकलेल्या बाईला हे. दुसरा उपास.

ह्यात आणखी एक अडचण होती. कागद बदलला की आधीचे शिक्के चालत नाहीत. सगळ्यांनी पुन्हा उठवायचे. त्यामुळे मजकूर जितका जुना होत होता तितकी शिक्क्यांची गर्दी वाढत होती, आणि हे सगळे शिक्के चौथ्या मजल्यावरचेच होते. फळा जिन्याची एक पायरीही उतरला नव्हता.

ओगल्यांची बायको नेत्रा मध्यस्थीला आली. “वीणाताई, एवढं काय त्यात? द्या ना एक कॉमा. ह्यांना तेवढंच बरं वाटतं. घरातसुद्धा मी भाजीच्या यादीत देते.”

वीणाला तिची दया आली. संसारासाठी बायका काय काय सोसतात. पण ती भाजीची यादी होती, हा जाहीर कागद होता. “नेत्रा, तू सुखी राहा,” ती म्हणाली. हे दुरुत्तर होतं का, ह्यावर तिनं बराच विचार केला आणि संशयाचा फायदा देवाला देऊन तिसरा उपास केला. त्या दिवसापासून दोन्ही दारांमधून जी आमटीची, शिऱ्याची वाटी जात-येत असे, ती बंद झाली. नेत्राची वाटी वीणाकडे आणि वीणाचा डबा नेत्राकडे राहून गेला. आता आधी कुणी द्यायचं हा निराळाच प्रश्न झाला.

राजीव भगर जेवून कंटाळला होता. “एकाखाली एक लिही की नावं,” तो म्हणाला. “स्वल्पविरामच नको आणि ‘आणि’ही नको.”

सल्ला बरोबर होता, म्हणून वीणाला जास्त राग आला. तरी तिनं नवा कागद केला, नावं एकाखाली एक लिहिली, आणि ह्या खेपेस फळा ओगल्यांना टाळून थेट तिसऱ्या मजल्यावर विभाकडे नेऊन दिला. विभा त्सुकुबाच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते, पहाटे जाते, रात्री परतते, डोकं शांत. वीणाला वाटलं, ही शिक्का उठवील आणि फळा मार्गी लागेल. विभानं तो तीन-चार दिवस ठेवून घेतला. मग रविवारी स्वतः वर घेऊन आली. तिच्या क्षेत्रात आपल्याकडे आलेल्या लिखाणावर अभिप्राय दिल्याशिवाय ते पुढं धाडत नाहीत.

“काकू, मी ओगलेकाकांकडून आधीच्या व्हर्जनचा फोटोपण मागून घेतला. दोन्ही कंपेअर केली. बेसिकली दोन्ही पद्धती अ‍ॅक्सेप्टेबल आहेत, फक्त कन्सिस्टन्सी हवी. पण ही एकाखाली एक नावं आहेत ना, ह्यात रँकिंग दिसतंय. तुमचं नाव एक नंबरला आणि सगळ्यात सीनिअर बाईंचं तळाला.”

“अगं, मजल्यांप्रमाणे आहे ते.”

“मला कळतंय हो. वाचणाऱ्याला कसं कळणार?”

म्हणजे स्वल्पविराम द्यावा तर प्रभावतीबाई, न द्यावा तर ओगले, आणि दोन्ही टाळावं तर स्वतःचं नाव वर टाकणारी बाई म्हणून जिन्यात शोभा. आयुष्यभर पंगतीत शेवटी बसलेल्या वीणाला हे फार लागलं. विभाच्या हातात अभिप्रायाची दोन पानं होती, टाचण मारलेली. वीणानं ती घेतली, “जेवून जा” म्हणाली, आणि विभा गेल्यावर देवघरात जाऊन बसली. तारीख जवळ येत चालली होती. तळमजल्यावर हाताकेयामा-सानांना सरावाचा अजून पत्ता नव्हता. आणि मोरिता-सान जिन्यात भेटले की हसून मान लववत होते, काही विचारत नव्हते, ते तर सहनच होत नव्हतं.

जपाची माळ ओढता ओढता तिच्या लक्षात आलं, की व्रत जिभेचं आहे. पेनाबद्दल संकल्पात एक शब्द नाही.

ती उठली. ओगल्यांची दुरुस्ती असलेला पहिला कागद पुन्हा फळ्याला लावला. मास्तरणीच्या हातात असतं तसं लाल पेन काढलं, आणि तिन्ही ओळींतल्या त्या आगाऊ स्वल्पविरामांवर सणसणीत काट मारली. काट कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून भोवती गोल केला. आवेशात गोल जरा मोठे झाले आणि पुढचं नावही त्यांत आलं. मग समासात लिहिलं, ‘येथे स्वल्पविराम येत नाही.’ ‘नाही’खाली रेघ. नवी सुरुवात म्हणून पुन्हा चारी कोपऱ्यांना कुंकू. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. तिनं विभाचं दारही ओलांडलं आणि फळा थेट दुसऱ्या मजल्यावर, इनोउए-सानांच्या दाराशी टेकवून आली.

तिथून तो नाहीसा झाला.

कोंदो-सानांकडे नव्हता. तळमजल्यावर पोचला नव्हता. इनोउए-सान जिन्यात भेटल्या, इतक्या खोल वाकल्या की चेहरा दिसला नाही, आणि घाईनं निघून गेल्या. दोन दिवसांनी मोरिता-सानांचा फोन आला. तळमजल्याच्या सभागृहात, चहाला. फळ्याच्या संदर्भात. ‘थोडंसं’ बोलायचं आहे. जपानी माणूस ‘थोडंसं’ म्हणाला की प्रकरण गंभीर समजायचं, एवढं वीणाला आता कळत होतं.

ओगले लॅपटॉप आणि स्टाईल गाईड घेऊन आले. विभा आपली दोन पानं घेऊन आली, ती मधल्या काळात पाच झाली होती. राजीव आला, कारण वीणानं त्याच्याकडे पाहिलं. मोरिता-सानांनी प्रत्येकापुढं चहा ठेवला. फळा त्यांच्या मांडीवर पालथा होता.

“हे अवघड आहे,” ते म्हणाले.

“एक्झॅक्टली, मोरिता-सान,” ओगले म्हणाले, आणि सुरू झाले. अर्थाची स्पष्टता, जनरल यूझर, जागतिक पद्धत. विभानं त्यांना मध्येच थांबवून पद्धती एक नसून दोन असल्याचं सांगितलं. ओगले म्हणाले, दुसरी पद्धत वर्तमानपत्रांची, त्यांना जागा वाचवायची असते. विभा म्हणाली, “काका, एका ठिपक्याची कसली जागा?” वीणानं अत्यंत मृदू आवाजात, मोडक्या जपानीत, मिरज हे गाव, प्रभावतीबाई आणि उंबरा समजावून सांगितला. मोरिता-सान वहीत सगळं लिहून घेत होते. उंबऱ्यापाशी त्यांनी एक छोटं चित्रही काढलं. चहा निवला.

शेवटी राजीवनंच विचारलं, “मोरिता-सान, तुम्हाला काय वाटतं? द्यावा की देऊ नये?”

मोरिता-सानांनी वही मिटली. “माफ करा. मला हे काहीच माहीत नव्हतं. ह्या ठिपक्यावर एवढा विचार करणारी माणसं आपल्या जिन्यात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे.” मग त्यांनी फळा सुलटा केला. “मी ह्यासाठी बोलावलं.”

तिन्ही ओळींच्या शेवटी, लाल वर्तुळात, लाल काट मारलेल्या शाईला चिकटून, हाताकेयामा-सानांचं नाव बसलं होतं. आणि चारी कोपऱ्यांना लाल बोटं.

“आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव लाल शाईनं लिहीत नाहीत,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “जुन्या माणसांना ते… थोडंसं… त्यात त्या तिथून आलेल्या. इनोउए-सान घाबरल्या. कोपऱ्यातलं त्यांना रक्त वाटलं. मी फळा माझ्या घरी ठेवला. हाताकेयामा-सानांना दाखवला नाही.”

ओगल्यांनी लॅपटॉप हळूच मिटला.

वीणानं फळा हातात घेतला. लाल म्हणजे कुंकू, लाल म्हणजे मंगल, लग्नाच्या पत्रिकेला लावतात ते लाल. त्याच लाल रंगानं तिनं एका जित्याजागत्या म्हातारीच्या नावाभोवती, तीन भाषांत, रिंगण घातलं होतं, आणि तेसुद्धा ओगल्यांना धडा शिकवायला. तिला ओगल्यांचा राग आला, विभाचा आला, लाल पेन विकणाऱ्या दुकानाचाही आला. मग हे सगळे राग हळूहळू वळून घरी परत आले.

“मी जाते त्यांच्याकडे,” ती म्हणाली.

“त्यांना काहीच माहीत नाही, वहिनी,” ओगले कधी नव्हे ते हळू बोलले. “मग सॉरी कशाचं म्हणणार?”

हाही प्रश्न बरोबर होता. ह्या माणसाला नेमकं बरोबर कधी बोलायचं हे कळत नव्हतं.

संध्याकाळी ती शिऱ्याची वाटी घेऊन तळमजल्यावर गेली. हाताकेयामा-सान लहानखुऱ्या होत्या, दाराच्या साखळीपेक्षा फार उंच नव्हत्या. त्यांनी तिला आत घेतलं, जवाचा गार चहा पुढं ठेवला. वीणानं त्या लाल गोलांचा उपास धरला होता आणि जव धान्यात मोडतात, म्हणून ती पेला नुसता हातात धरून बसली. क्षमा मागण्यासाठी आधी अपराध समजावून सांगणं भाग होतं, आणि ‘स्वल्पविराम’ला जपानीत काय म्हणतात ते तिला आठवेना. शेवटी तिनं कागदावर सगळं काढून दाखवलं. नाव, काट, गोल. पेन ह्या खेपेस काळं होतं.

हाताकेयामा-सानांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या.

“शाईला भ्यायचं माझं वय नाही राहिलं,” त्या म्हणाल्या. “उलट, माझ्या नावाभोवती कुणी एवढं काम केलेलं पहिल्यांदाच बघते. फळा माझ्याकडं सगळ्यांच्या शेवटी येतो. कधी कधी तारीख उलटलेली असते. मी शिक्का उठवते आणि देऊन टाकते.”

वीणानं मान खाली घातली. इतके दिवस सगळ्यांनी त्या नावाच्या अलीकडच्या जागेसाठी जीव टाकला होता. नावापर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

“यंदा सरावाला या,” ती म्हणाली. “पहिली तारीख. रविवार.”

हाताकेयामा-सानांनी मान हलवली, आणि ती होकाराची नव्हती. बराच वेळ त्या टेबलावरचा शिक्का सारखा करत राहिल्या.

“भोंगा वाजला की माझे पाय उचलत नाहीत,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशीही नव्हते उचलत. मी दार धरून उभी होते. शेजारीण कुंपणातून हाका मारत होती, नावानं. तू हो पुढं म्हटलं, तरी हलेना. हाका मारतच राहिली. त्या आवाजाकडं चालत गेले म्हणून आज इथं आहे. ती आता मुलाकडं असते, लांब. भोंग्यावर मी नाही चालू शकत. भोंगा कुणालाही वाजतो.”

वीणाजवळ एवढं जपानी नव्हतं. तिच्या शिकवणीत सांत्वनाचा धडा अजून आला नव्हता.

“मी येते,” ती म्हणाली. “दारात. हाक मारते. मग दोघी.”

“हानचोंना मैदानात उभं राहावं लागतं.”

“मी येते,” वीणा पुन्हा म्हणाली, कारण दुसरं वाक्य येत नव्हतं. हाताकेयामा-सानांनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि थोड्या वेळानं शिऱ्याची वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

पहिल्या तारखेला ऊन चटचटत होतं. मैदानात प्रत्येक जिन्याच्या रांगेसाठी चुन्याच्या रेघा आखल्या होत्या. वीणा इरकल नेसून आली होती. दंडाला हिरवा पट्टा, हातात जिन्याचा झेंडा, आणि डोक्यावर पांढरं शिरस्त्राण, जे अंबाड्यामुळे बसत नव्हतं आणि देवळाच्या कळसासारखं वर राहिलं होतं. त्याला कारण होतं. महिन्याच्या नगरपत्रिकेचा छायाचित्रकार येणार होता, आणि मोरिता-सानांनी मोठ्या मिनतवारीनं ठरवलं होतं, की पहिली परदेशी हानचो म्हणून तिचा झेंड्यासह फोटो छापायचा. मोरिता-सानांनी हे सांगितल्यावर तिनं सांगलीला जाऊबाईंनाही कळवून टाकलं होतं. फोटो आधी काढायचा, मग भोंगा वाजायचा, असं ठरलं होतं. दोन्हींच्या मध्ये तळमजल्यावर जायला पुरेसा वेळ होता.

छायाचित्रकार आला तो भोंग्याच्या तोंडावर. आला, तिपाई उघडली, ती मोडकी निघाली, मग तो तिच्यात काडी अडकवत बसला. तेवढ्यात ओगले मोरिता-सानांनी स्वतः केलेला नवा कागद घेऊन आले.

“वहिनी, हे बघितलंत? कॉमा नाही, ‘आणि’ नाही, नुसते मध्ये मध्ये जाड ठिपके. शेवटच्या नावानंतरपण एक आहे. हे चालवून घ्यायचं का आपण?”

“काका, माझ्या मते ते डेकोरेटिव्ह आहेत,” मागून विभा म्हणाली.

“डेकोरेटिव्ह काय? काहीतरी रूल असणारच ना.”

वीणानं घड्याळाकडे पाहिलं. ह्या देशात भोंगा फोटोसाठी थांबत नाही. छायाचित्रकारानं तिला हातानं खूण केली, जरा डावीकडं, हसा. मोरिता-सान तिच्या शेजारी येऊन ताठ उभे राहिले. त्यांनी नवा टाय लावला होता.

“मोरिता-सान, माफ करा,” ती म्हणाली. मग तिनं झेंडा ओगल्यांच्या हातात दिला. “भावजी, हा धरा.”

“अहो, पण फोटो?”

“तुमचा काढू दे.”

तिनं दंडपट्टा सोडून तोही त्यांच्या हातावर ठेवला. ओगले काही क्षण गोंधळून उभे राहिले, आणि मग, हे तिला वळता वळता दिसलंच, त्यांनी तो पट्टा दंडाला बांधून नीट सरळ केला आणि भांग हातानं बसवला. नगरपत्रिकेत आता पहिला परदेशी हानचो म्हणून हा माणूस छापून येणार होता, आणि जाऊबाईंना ते कळवावं लागणार होतं. वीणा निऱ्या हातात धरून चालायला लागली.

अजून भोंगा व्हायचा होता. तरी काही हौशी मंडळी आधीच इमारतीतून मैदानाकडे निघाली होती, आणि ती एकटीच उलट दिशेनं जात होती. लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते. कपाळावर आलेलं शिरस्त्राण तिनं मागं सारलं. हाताकेयामा-सानांचं दार लांबच्या टोकाला होतं, आणि हाक भोंग्यावरून ऐकू जायला हवी होती. घरात दुसऱ्या खोलीत राजीवला ऐकू जात नसे, असा तिचा आवाज. ती कठड्याच्या सावलीतून चालता चालता ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहत होती, आधी हळू, मग जरा मोठ्यानं, मग आणखी जरा मोठ्यानं.